टाकावरचा दात

अँटिक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो स्वतःच्या गळ्याबद्दल. ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. आम्ही वाशीला नुकतेच राहायला आलो होतो. समोरच्या इमारतीतल्या बाई माझ्याकडून सुके बोंबील घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी बोंबलांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्याला अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा होता, तो दोन बोटांत धरून त्या म्हणाल्या, "अहो, हा तर अँटिक पीस आहे. शंभर वर्षांचा तरी असेल."

तो सात वर्षांचा होता. माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात पनवेलच्या सोनाराने तो घडवला होता, म्हणून मला पक्कं ठाऊक. शंभर वर्षांचं दिसायला त्याला माझ्या गळ्यात सातच वर्षं पुरली. घरी येऊन मी एकटीच हसले, आणि मग हसू येईना.

तो माझ्या सवतीचा टाक होता. पहिली बायको वारली आणि पुरुषाने दुसरं लग्न केलं, की आमच्याकडे पहिलीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालतात. पत्र्यावर ठशाने उठवलेली बाई असते, हात जोडून उभी, डोक्यावर पदर. मेलेलीने रुसू नये, नव्या संसारात आडवं येऊ नये, म्हणून तिला सोबत घेऊनच नांदायचं. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. जेवायला बसलं की पहिला घास तिच्या नावाने ताटाबाहेर. मी सातवी शिकलेली, उरणकडच्या गावातली, तोंडाने फटकळ. माझ्या आईने लग्नाआधी बजावून सांगितलं होतं, तिथे जीभ आवर. मी जीभ आवरली. पण मनातल्या मनात त्या सवतीशी जे भांडले ते मोजायला बसले तर दिवस पुरायचा नाही. मेली होती तरी घरात पहिली तीच.

मी आले तेव्हा पोर नऊ महिन्यांची होती. तिची आई तापाने गेली तेव्हा चार महिन्यांची. घरात सासू, नवरा आणि ही किरकिरी पोर. गाव खाडीच्या काठाला, सगळ्यांचं पोट मिठागरावर. मी दिवसभर मिठागरात राबायचे आणि आले की पोर मांडीवर घ्यायचे. तिला दात येत होते. हिरड्या शिवशिवायच्या, हाताला येईल ते तोंडात घालायची, आणि मांडीवर बसलं की तोंडासमोर लोंबायचा तो टाक. एके दिवशी तिने त्याच्या कडेला असा दात रुतवला की पत्रा चेपला. तांदळाच्या दाण्याएवढी खळी पडली.

सासूने पाहिलं आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "बघ, आयला वलखली," ती म्हणाली. "आयला चावली पोर."

माझ्या मांडीवर, माझ्या हातची पेज पिऊन पोरीने दात लावला, आणि नाव झालं आईचं. तेव्हा मी वीस वर्षांची होते. वीस वर्षांच्या बाईला हे असं पोटात घालून बसायला सांगू नये.

पोर बोलायला लागली तेव्हा सासूने तिला शिकवलं, माझ्या टाकाला हात लावून, "ही आय," आणि माझ्या हनुवटीला हात लावून, "ही बाय." म्हणजे माझ्याच छातीवर टेकलेली ती आई, आणि मी नुसती बाई. पोर तसंच म्हणू लागली. मला पुढे मूल झालं नाही. सासू म्हणायची, ती देत नाय. डॉक्टर काय म्हणाला ते मी सासूला कधी सांगितलं नाही, सांगून तिला पटलंही नसतं. तेव्हा माझं म्हणावं असं मूल होतं ते हेच, आणि ते मला बाय म्हणायचं.

सवत दिसायला कशी होती ते मला कधी कळलं नाही. फोटो नव्हता. एकदा नवऱ्याला विचारलं. तो बराच वेळ विडी ओढत बसला, मग म्हणाला, "बारीक व्हती." त्याच्याकडून निघालं ते एवढंच.

मग नवं शहर आलं, मिठागर गेलं, शेतं गेली. नवऱ्याला शिपायाची नोकरी लागली आणि वाशीला दोन खोल्या मिळाल्या. भिंती सरळ, नळाला पाणी, आणि खिडकीतून खाडीचा वास. आम्ही तिथे गेलो तेव्हा गावागावांतून जुनं सामान बाहेर पडत होतं. लोक कौलं काढून स्लॅब टाकत होते. समोरच्या बाईंना त्या सामानाचं वेड. त्या मुंबईहून आलेल्या, नवरा मोठा अधिकारी, मूलबाळ मोठं होऊन लांब गेलेलं. मला सांगायच्या, गावाकडे गेलात की काही जुनं असेल तर आणा. मी सासऱ्याची मीठ ओढायची लांब दांड्याची लाकडी फळी नेऊन दिली. सासरे ती ओढता ओढता म्हातारे झाले होते, मुठीत घट्टे घेऊन गेले. बाईंनी ती दिवाणखान्यात सोफ्याच्या वर आडवी टांगली आणि खालून उजेड सोडला.

"पण बाई, हिला काय शंभर वर्षं नाही झाली," मी म्हटलं.

"आता बनते का अशी?"

"मिठागरच नाही, तर फळी कोण बनवील?"

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "आणि हा दांडा बघा, कसा हातांनी झिजलाय. कोणाचे हात होते कोण जाणे."

कोणाचे होते ते मी त्यांना सांगितलं होतं. त्यांना ते लक्षात ठेवायचं नव्हतं. जुनी वस्तू अँटिक कधी होते हे मला त्या सोफ्यासमोर उभं राहून समजलं. वर्षं किती झाली ते नंतर. आधी ती ज्याची होती तो माणूस तिच्यातून निघून जावा लागतो.

पोर तेव्हा दुसरीत होती. रोज सकाळी दप्तर पाठीला लावून ती माझ्यासमोर उभी राहायची. मी वाकायचे. टाकाला हात लावून, तोच हात कपाळाला लावून ती म्हणायची, "आय, जाते." माझ्या गळ्याला हात लावून ती रोज दुसऱ्या बाईच्या पाया पडायची, आणि मी रोज वाकायचे.

त्या पावसाळ्यात तिला गोवर निघाला. आठ दिवस ताप. आठ दिवस मी कडुलिंबाचा पाला फिरवला, पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, स्वतः जेवले की नाही ते आठवत नाही. नवव्या दिवशी सकाळी ताप उतरला. पोरीने डोळे उघडले, हात वर केला. मला वाटलं माझ्या गालाला लावते. तिने टाक धरला आणि म्हणाली, "आयने बरी केली."

सासू दारातून म्हणाली, "तिनंच तारली."

दुसऱ्या दिवशी मी बोंबील घेऊन समोर गेले. दोरा गळ्यातून काढून बाईंच्या तळहातावर ठेवला. त्या पैसे द्यायला लागल्या, मी घेतले नाहीत. घेतले असते तर विकला म्हणावं लागलं असतं.

"कोणाचा आहे पण हा?" त्यांनी विचारलं. "तुमच्या घरातला?"

"कोणाचाच नाही," मी म्हटलं. "जुना आहे नुसता."

खोटं बोलताना माझी मान ताठ होती. बाईंनी टाक उजेडात धरला, कडेवरून नख फिरवलं. "इथे जरा चेपलाय. पण ते सरळ होईल. पुण्याला माझा भाऊ आहे, त्याचा मोठा संग्रह आहे. त्याला पाठवते." मी जिने उतरून आले. पुण्याला जाऊ दे, म्हटलं, नाहीतर विलायतेला.

घरी सांगितलं, कडी तुटली, सोनाराकडे दिलाय. सासूचे डोळे तोवर मोतीबिंदूने गेलेच होते, पण तिने मान वळवली आणि माझ्या गळ्याच्या दिशेने खूप वेळ बघत राहिली. पोर सकाळी दप्तर लावून आली, माझ्या रिकाम्या गळ्याकडे बघितलं आणि हात खाली घेऊन शाळेत गेली.

ते चार दिवस मी कोणाला सांगितले नाहीत. गळा हलका व्हायला हवा होता, तो जड झाला. चहा प्यायला बसले की वाटायचं पाठीमागे कोणी उभं आहे आणि त्याला तहान लागली आहे. घास ताटाबाहेर ठेवायला हात आपोआप जायचा, मी तो मागे घ्यायचे. भरदुपारी स्वयंपाकघरात मिठागराच्या चिखलाचा वास यायला लागला. खिडकी लावली तरी येई. आतापर्यंत ती माझ्या गळ्यात होती म्हणजे कुठे आहे ते ठाऊक होतं. आता ती कुठेही असू शकत होती. मला भीती वाटली, चांगलीच वाटली.

बाईंकडे परत मागायला गेले तर टाक पुण्याला गेला होता. मी तशीच पनवेलला गेले. सोनार तोच, आता केस पिकलेले. मी सांगण्याआधीच त्याने फडताळातून पितळेचा ठसा काढला आणि पत्रा त्यावर ठेवून ठोकायला लागला. हात जोडलेली बाई दोन मिनिटांत उठून आली. तीच, अगदी तीच.

"हा ठसा तोच?" मी विचारलं.

"माझ्या आज्याचा आहे. एक बाईचा, एक बाप्याचा. कोणाचीही बायको जाऊ दे, उठते हीच."

मग वर न बघता त्याने विचारलं, "जुना करून देऊ?"

मी हो म्हटलं. म्हणजे मी काही पहिली नव्हते. त्याने गंधकाची धुरी दिली, काजळी चोळली, फडक्याने पुसला. सात वर्षांचं काळेपण चहा येईपर्यंत तयार झालं. तो दोऱ्यात घालून मी घरी आले. सासूने चाचपला, बरं म्हणाली. सकाळी पोरीने हात लावला, कपाळाला लावला, "आय, जाते" म्हणाली आणि गेली. आता मी सुटले असं मला वाटलं.

दसरा जवळ आला तेव्हा आठवलं. दसऱ्याला सासू सगळे टाक चिंच आणि राख लावून स्वतःच्या हातांनी घासायची, देव्हाऱ्यातले आणि माझ्या गळ्यातलाही. डोळे गेले होते तरी बोटं शाबूत होती. दर वर्षी माझा टाक घासताना तिचं बोट त्या खळीवर थांबायचं आणि ती म्हणायची, "हा पोरीचा दात." नव्या टाकाला दात नव्हता. सोनाराला सांगायचं मी विसरले होते. सात वर्षं ज्या खळीने मला छळलं तीच मी विसरले, आता काय म्हणायचं याला.

आदल्या दिवशी मी खिळा घेऊन बसले. पण टाक हातात घेतला आणि त्या बाईच्या अंगाला खिळा लावायला हात होईना. टाक पुन्हा गळ्यात घातला आणि पदराखाली लपवला. पोर शाळेत जायला लागल्यापासून सासू दर महिन्याला एकदा तरी बोलून दाखवायची, पोरगी मोठी झाली की तू काय कामाची, तुझं ह्या घरात हाय काय. मी टाक हरवला, त्याहून वाईट म्हणजे देऊन टाकला, हे कळलं असतं तर तिने मला माहेरी धाडलं असतं आणि नवरा विडी ओढत बसला असता. पोर तिथेच राहिली असती. आता मला भीती त्याची होती, दुसरी कसली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी सासू पाटावर बसली. देव्हाऱ्यातले टाक झाले. मग तिने हात पुढे केला. मी दोरा काढून दिला. चिंच लावून ती घासायला लागली, बोट कडेवरून फिरलं, आणि थांबलं.

"हा पोरीचा दात," ती म्हणाली.

मी टाक तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. कडेला खळी होती. तांदळाच्या दाण्याएवढी, त्याच जागी.

मी सवतीला पुण्याला धाडलं आणि ती चालत परत आली, आपली खूण घेऊन नव्या पत्र्यात शिरली, असंच मला वाटलं. दुसरं काय वाटणार? त्या दिवसापासून मी तिची झाले, भीतीने का होईना. पहिला घास काढायचे तो मनापासून काढायचे. नवं पातळ आधी तिला. भांडण बंद. पोरीचे मार्क तिला सांगायचे, पोरीला पाळी आली ते तिला सांगितलं, सासू गेली त्या दिवशी म्हटलं, बघ, आता तुझ्याकडे आल्या त्या, सांभाळ. सासू गेल्यावर टाक तपासणारं कोणी उरलं नव्हतं. तरी मी दोरा काढला नाही. आंघोळ करताना बोट खळीला लागलं की अंगावर काटा यायचा. सहा-सात वर्षं अशी गेली.

ऐंशीचं दशक संपायला आलं होतं. समोरच्या बाईंच्या नवऱ्याची बदली झाली. सामान बांधताना त्यांनी मला बोलावलं आणि कागदाची पुडी हातात दिली. त्या जरा ओशाळल्या होत्या.

"मागेच द्यायची होती, राहून गेली. भाऊ म्हणाला, हा काही जुना नाही. फार तर दहा-पंधरा वर्षांचा. तुम्ही फसवलंत असं म्हणत नाही मी, तुम्हालाही कोणी सांगितलं असेल. पण अँटिक नाही हो हा. मात्र चेपलेला होता ना, तो त्याने सोनाराकडून छान सरळ करून घेतलाय."

घरी येऊन मी पुडी ताटलीत उघडली. गळ्यातला काढून शेजारी ठेवला. एकाच ठशाच्या दोन बाया, हात जोडून. खऱ्याला दात नव्हता आणि खोट्याला होता. दार ढकलून पोर आली. नववीत होती तेव्हा, माझ्याहून दोन बोटं उंच.

तिने दप्तर खाली ठेवलं, ताटलीतले दोन्ही टाक पाहिले, गुळगुळीत होता तो उचलून कडेवरून अंगठा फिरवला. "हा परत आला?" तिने विचारलं.

मी विचारलं, "तुला ठाव व्हतं?"

"पयल्याच दिवशी. हात लावला तं दात नव्हता."

"आणि मग ह्या दुसऱ्यावर..."

"तो मी लावला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तू निजलेलीस. आजी बघनार व्हती ना सकाली. तिनं तुला घरात ठेवली नसती." "पयल्यांदा चावले तं उमटला नाय. परत चावले. तू कूस बदललीस, मी पार घाबरले."

जिच्या भीतीने मी इतकी वर्षं घास काढले ती दुसरीतली पोर होती, सात वर्षांची, माझ्या गळ्यावर ओणवी झालेली. मला हसू यायला हवं होतं. मी म्हटलं, "तुझी आय देऊन टाकली मी. राग नाय आला?"

"आय कुठं व्हती त्यात? गावात तिघींच्या गल्यात हाय, तीच बाई सगल्यांची." तिने गुळगुळीत टाक ताटलीत ठेवला. "पन राग आला. लय आला. तो दात मी तुझ्या मांडीवर बसून लावलेला ना? आजी सांगायची. तुझ्याजवल माझं तेवढंच व्हतं, बाय. तेच देऊन टाकलंस."

आठ दिवसांच्या तापात पोरीने कोणाला हाक मारली याचा हिशेब मी इतका घट्ट धरून बसले, की तिने मला काय देऊन ठेवलं होतं ते मला दिसलंच नाही. समोरच्या बाईंना सांगताना मी म्हटलं होतं, कोणाचाच नाही. मी तेव्हा सवतीबद्दल बोलत होते.

पोरीने खोटा टाक उचलला, माझ्या मागे येऊन दोरा बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग म्हणाली, भूक लागली. मी भात लावला. जेवायला बसल्यावर सवयीने पहिला घास ताटाबाहेर ठेवला. तिने तो पाहिला आणि जेवायला लागली.

तिचं लग्न होऊनही आता कितीतरी वर्षं झाली. दात असलेला टाक अजून माझ्या गळ्यात आहे. दुसरा कपाटात, त्याच पुडीत आहे. त्याला आता पुरेशी वर्षं झाली. पनवेलचा तो ठसा मोडीत गेला, असे टाक तिथे आता होत नाहीत, म्हणजे बाईंच्या हिशेबाने तोही अँटिकच्या वाटेला लागलाय. कधीमधी पुडी उघडते, कडेवरून बोट फिरवते. तिथे काही लागत नाही.